मदत हवी आहे: पायपट्ट्यांचे स्विच मिडीवर (वाद्यांना सूचना पाठवायची पद्धत) आणलेत, पण स्वर अडकतात

मंडळी, जुन्या ऑर्गनची १३ पायपट्ट्यांची चौकट हाती आलीय. प्रत्येक पट्टीखाली साधा पत्र्याचा स्विच. ३२यू४ चिपचा ५ व्होल्टचा बोर्ड लावलाय. स्विचचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आतला पुलअप (स्विच उघडा असताना पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) चालू. कीबोर्डला पाच पिनांचंच मिडी इन आहे, म्हणून टीएक्सवरून (बोर्डाची डेटा पाठवायची पिन) ३१२५० बॉडने, म्हणजे सेकंदाला इतक्या बिटांनी, पाठवतोय, २२० ओहमचे दोन रेझिस्टर घालून.

सावकाश वाजवलं तर झकास. पट्टी पटकन सोडली की खालचा सा घुमतच राहतो. तोच कोड यूएसबीवरून लॅपटॉपच्या मिडी मॉनिटरवर बघितला, तर नोट ऑन ३६ (म्हणजे तोच खालचा सा सुरू), लगेच पुन्हा नोट ऑन ३६ आणि मग एकच नोट ऑफ! म्हणजे केबलचा दोष नसावा. संपर्क काळवंडलेले होते, घासले; थोडाच फरक पडला.

डीबाउन्स (स्विचचा संपर्क थरथरतो तेवढा वेळ दुर्लक्ष करणं) सध्या ५ मिलिसेकंद आहे. वाढवावा का? बेसला उशीर झाला तर तबलजी माझ्याकडे बघतो, ते वेगळंच. की प्रत्येक पट्टीची मागची स्थिती आणि वेळ वेगवेगळी साठवावी? सध्या सगळ्यांना मिळून एकच टायमर आहे.

शिवाय सस्टेन पेडल उलटं चालतंय: पाय काढला की सीसी ६४ ला (सस्टेनची मिडी सूचना) १२७, म्हणजे 'दाबलेलं', जातं. कोडमध्येच उलटवू ना?

तयार कन्व्हर्टर घे, असं कृपया सांगू नका. बजेट संपलंय.