शब्दचर्चा : काट्यावरचं 'टेअर' म्हणजे कडता का?

प्रश्न : काल लक्ष्मीपुरीत काकवी आणायला घरची बरणी घेऊन गेलो. दुकानदारानं रिकामी बरणी काट्यावर ठेवली, एक बटण दाबलं, आकडा शून्यावर आला आणि मग काकवी ओतली. बटणावर 'टेअर' लिहिलेलं. वडील म्हणाले, "हाच आमचा कडता." बरोबर आहे का? आणि डिस्काउंट, डेप्रिसिएशन वगैरे सगळ्याला 'घट' म्हटलेलं चालेल?

उत्तर : वडिलांचं म्हणणं जवळ जातं, पण कडता, म्हणजे शेतमाल तोलताना वजनातून होणारी कपात, वेगळा. टेअर मूळचा अरबी; 'तरह' म्हणजे टाकणं, वजा करणं. अरबांकडून तो युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला. टेअरमध्ये भांड्याचं असेल तेवढंच वजन जातं. कडत्यात पोत्याबरोबर माती, ओल यांच्या नावानंही माल कापतात आणि किती कापायचा ते बहुतेक वेळा घेणारा ठरवतो. शेतकऱ्याला हा शब्द टोचतो तो त्यामुळं.

टेअरला आपल्याकडं नेमका शब्द आहे : धडा करणं. दोन पारड्यांचा तराजू होता तेव्हा एका पारड्यात रिकामी बरणी आणि दुसऱ्यात खडे, वजनं टाकून काटा मध्ये आणायचे, मगच तेल ओतायचे. बटण तेच काम करतं. "आधी धडा करा" असं आजही बिनधास्त म्हणावं.

बाकीच्यांना सरसकट 'घट' नको. डिस्काउंटचा लॅटिन अर्थ मोजून वजा करणं. दुकानात ती 'सूट', पण हुंडी, म्हणजे ठरल्या मुदतीला पैसे देण्याची व्यापारी चिठ्ठी, मुदतीआधी वटवताना कापतात तो 'वटाव'. डेप्रिसिएशनमध्ये, म्हणजे वापरानं यंत्राचं मोल उतरतं त्यात, लॅटिन 'प्रेटियम', म्हणजे किंमत, खाली येते. आपला 'घसारा' मला त्याहून सरस वाटतो. उद्यमनगरच्या कारखान्यात जुन्या लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, बेडवरून (लोखंडी बैठकीवरून) बोट फिरवा, काम पकडणाऱ्या चकजवळ जास्त वापरलेल्या भागात झीज हाताला लागते. इंग्रजी शब्द वहीतला आकडा बघतो, आपला लोखंड बघतो.

पुन्हा प्रश्न : आणि कॉस्ट?

उत्तर : लॅटिन 'कोन्स्तारे', म्हणजे अमुक किमतीला उभं राहणं. त्यातला 'स्ता' आणि आपल्या 'स्थान'मधला 'स्था' एकाच मुळाचे. त्यांची वस्तू उभी राहते, आपण विचारतो, "चप्पल कितीला पडली?" किंवा "किती पैसे बसले?"

सगळ्यात जवळचं नातं मात्र 'वेन'चं. चंद्राची कोर बारीक होत जाते त्याला इंग्रजीत वेन म्हणतात. तो शब्द आणि संस्कृत 'ऊन', म्हणजे कमी, एकाच जुन्या मुळातून आलेत. 'ऊन'चं मराठीत उणं झालं, उणीव झाली. एकोणीस म्हणतानाही आपण तोच शब्द उच्चारतो : एकानं ऊन वीस.