कामाच्या धबडग्यात सति (सजग भान) टिकवावी कशी?

प्रश्न :
गेले वर्षभर मी रोज सकाळी अर्धा तास आनापान (श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान) करतो. दहा दिवसांचे एक विपश्यना शिबिरही केले आहे. ध्यानाच्या बैठकीत मन बऱ्यापैकी स्थिरावते. परंतु कामावर पोहोचून तास उलटतो न उलटतो तोच फोन, निरोप आणि वरिष्ठांचे 'हे आधी करा' असे सुरू झाले की त्या अर्ध्या तासाचा मागमूसही उरत नाही, आणि दिवसभरात आपण एकदाही भानावर नव्हतो हे ध्यानात येते ते संध्याकाळी. दुसरे असे की, आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी माइंडफुलनेसचे (सतिवर आधारलेल्या सरावाचे) सत्र झाले, त्यात सारा भर कार्यक्षमतेवर होता. धम्माचा असा वापर योग्य म्हणावा का?

उत्तर १ :
पाली 'सति' म्हणजे संस्कृत 'स्मृति', म्हणजेच आठवण राहणे, हे आधी लक्षात घ्यावे. संध्याकाळी का होईना, आपण भानावर नव्हतो हे आपल्याला आठवते, तेव्हा सति अगदीच हरवलेली नाही. ती उशिरा येते, एवढेच. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सति कशी साधावी यावरील बुद्धांच्या उपदेशात, चालताना, परतताना, हात आखडताना आणि पसरताना, खातापिताना, बोलताना आणि गप्प असतानाही संप्रजन्य (आपण काय करत आहोत याचे स्पष्ट भान) राखावे असे सांगितले आहे. या यादीत बोलणे आहे, ही गोष्ट आपण फार सहज विसरतो, कारण डोळे मिटून बसणे म्हणजेच ध्यान अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

कामाच्या दिवसासाठी मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडले ते मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त. तेथे बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो म्हणतो. त्याचप्रमाणे काया, वाचा आणि मन यांची प्रत्येक कृती पुन्हा पुन्हा निरखून करावी. करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतरही, तिच्यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का, हे तपासावे, असा उपदेश आहे. (सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात वारंवार ऐकावेत म्हणून जे सात उपदेश नमूद केले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. राज्यकारभार चालवणाऱ्या माणसाला तो जवळचा वाटावा, याचे मला नवल वाटत नाही.) रागाच्या भरात लिहिलेला ईमेल पाठवण्यापूर्वी एक श्वास थांबून हा प्रश्न विचारून पाहावा. पाठवून झाल्यावर चूक उमगली, तर सुत्ताप्रमाणे ती जाणत्या सोबत्यापाशी कबूल करावी आणि पुढे संयम पाळावा. दिवसभर स्वतःला कोसत बसावे, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

उत्तर २ :
वरील म्हणणे मान्य आहे, मात्र प्रत्येक कृतीपूर्वी आरसा धरण्याचा संकल्प पहिल्याच आठवड्यात गळून पडतो, हा माझा अनुभव आहे. मी एकच जागा निवडली : फोन वाजला की उचलण्यापूर्वी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणायचा. बाकी काही नाही. पहिला महिना बहुतेक वेळा विसरलोच.

उत्तर ३ :
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ब्रह्मदेशाचे महालेखापाल ऊ बा खिन हे सरकारी अधिकारी असतानाच आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवत, आणि 1952 मध्ये त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र स्थापन केले. पुढे विपश्यनेचे आचार्य झालेले सत्यनारायण गोयंका त्यांच्याकडे प्रथम गेले ते तीव्र डोकेदुखीवर उपाय म्हणून. तेव्हा केवळ दुखणे घालवण्यासाठी ही विद्या मिळणार नाही, चित्तशुद्धीसाठी येत असाल तर या, दुखणे त्या ओघात जाईल, असे ऊ बा खिन यांनी त्यांना सुनावले. कार्यक्षमतेलाही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे. कामाचा ताण हलका होत असेल तर त्यात गैर काहीच नाही; जॉन कबाट-झिन यांनी 1979 पासून मॅसॅच्युसेट्स येथे रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा जो उपक्रम चालवला, त्याने कितीतरी लोकांना दुखण्यासह जगायला शिकवले. अडचण निराळीच आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीच्या, म्हणजे सतिच्या, आधी सम्यक आजीविका (योग्य मार्गाने उपजीविका) येते. काम अवाजवी असेल किंवा त्यात कोणाची फसवणूक होत असेल, तर शांत चित्ताने ते अधिक सफाईने करता येणे ही प्रगती म्हणता येणार नाही. आपल्याकडील सत्रात कामाच्या स्वरूपाविषयी एक शब्द तरी निघाला होता का, हे पाहावे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. सत्रात तसा शब्द निघाला नव्हता. उलट 'ताण आपल्या मनात असतो' हेच वाक्य तीनदा ऐकले, आणि तेव्हा ते मला पटलेही होते. तूर्त मी फोनची जागा घेतो. ईमेलचा आरसा जड जाईल असे वाटते, कारण सर्वाधिक पीडा माझ्याकडून तेथेच होते. एक विचारायचे राहिले : ज्याच्यापाशी चूक कबूल करावी असा जाणता सोबती कामाच्या ठिकाणी नसेल, तर आपण काय करता?

उत्तर २ :
ज्याला तो ईमेल गेला, त्याच्याकडेच जातो. जाणता असो वा नसो.