मदत हवी आहे: सिनियर सिस्टर्सचं कागदी चार्टिंग टॅबवर कसं आणायचं?

साताऱ्यात ६० बेडच्या खाजगी हॉस्पिटलमधे नर्सिंग इन्चार्ज आहे. एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) तयारीत टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, औषधांच्या नोंदी सगळं टॅबवर आणलंय. नव्या जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) मुली पटकन शिकल्या, पण पेशंट बिघडतोय हे ज्यांना नुसतं बघून कळतं त्या सिनियर सिस्टर्स आधी कागदावर लिहितात आणि ड्युटी संपताना सगळं एकदम चढवतात, म्हणजे सकाळी १० चं बीपी स्क्रीनवर दुपारी २ ला दिसतं आणि डॉक्टर तर स्क्रीन बघूनच ऑर्डर देतात.

कंपनीचं ट्रेनिंग झालं, मराठीत स्टेप्स लिहून चिकटवल्या. ज्युनियर-सिनियर जोडी लावली तर ज्युनियरच सिनियरच्या लॉगिनवरून एंट्री करायला लागली, हे तर अजूनच वाईट, उद्या काही झालं तर नाव कोणाचं लागणार?

सॉफ्टवेअर बदलणं शक्य नाही, जादा स्टाफ मिळणार नाही, नाईटला वॉर्डात दोनच सिस्टर असतात. वायफाय ठीक आहे. मेमो द्यायचा नाहीये, या बायका गेल्या तर वॉर्ड कोण चालवणार.

ज्यांच्याकडे हे जमलंय त्यांनी सांगा, तुम्ही एकेक वॉर्ड घेतला की आधी फक्त बीपी-टीपीआर टॅबवर नेलं? आणि कागद पूर्ण बंद कधी केला?