वाडे गेले, मग जुनं नाशिक राहिलं कुठं?

गोदाकाठ_काका :
माझं मत सरळ आहे, गावठाण आपण आपल्या हातानं घालवलं. तांबट आळीत सकाळ हातोड्यांच्या ठोकठोकीनं उजाडायची. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक बदलायचं, मेनरोडनं रमतगमत जायचं, बुधा हलवाईची जिलबी खायची, पैसे उरले तर विजयानंदला तीनचा खेळ. आता वाड्यांच्या जागी पत्रे ठोकलेत नाहीतर काचेची दुकानं आलीत. इंदिरानगर काय नि पाथर्डी फाटा काय, तसल्या वस्त्या कुठल्याही शहरात असतात. हे एवढंच आपलं होतं.

तिवंध्याची_सून :
काका, राग मानू नका, पण तुम्ही राहता कुठं? गंगापूर रोडला ना? आम्ही अजून इथंच आहोत. चार बिऱ्हाडांत एक संडास, आणि जिना असा की सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की ती फुगते, तुळईचं टोक सडतं. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडा पडल्याची बातमी काही नवीन नाही. वारस चार गावांत, भाडं जुनंच. डागडुजीला पैसे घालणार कोण?

गोदाकाठ_काका :
सूनबाई, पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा उभा आहेच की! मनात आणलं तर लाकूड टिकतं.

तिवंध्याची_सून :
तिथं सरकारचा पैसा लागला, आणि वर कुणी बिऱ्हाड करून राहत नाही.

नकाशावाला :
दोघांनी एक गोष्ट सोडलीत. बोळ अरुंद, त्यामुळे पाडून बांधायचं म्हटलं तरी मजले किती चढवता येतील ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. चार-पाच शेजारी एकत्र आले तरच हिशेब बसतो, आणि आपल्याकडे भाऊ-भाऊ एका कागदावर सही करत नाहीत! बाकी आठवणीच काढायच्या तर कामाच्या काढा. सरस्वती नाला गावातून उघडा वाहायचा. तो झाकला. आता जोराचा पाऊस झाला की दहीपूल, सराफ बाजारात पाणी दुकानांत शिरतं. जिलबीपेक्षा हे लक्षात ठेवलेलं बरं.

रंगपंचमी_पक्का :
सगळं संपलं म्हणणाऱ्यांनी पंचमीला यावं. पेशवाईपासूनच्या रहाडी, म्हणजे चौकांतले रंगाचे दगडी हौद, वर्षभर फळ्या नि मातीखाली असतात, दरवर्षी उघडून पूजा होते, फुलांचा रंग उकळून ओततात, आणि धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला, पोरांची झुंबड उडते. यातली अर्धी पोरं गावठाणाबाहेरच्या सिडकोतून येतात. वाडे पडले तरी गाव आहे.

गोदाकाठ_काका :
रहाड एक दिवसाची. उरलेले ३६४ दिवस त्या चौकात काय असतं, तर पार्किंग.

तिवंध्याची_सून :
त्या ३६४ दिवसांत आम्ही असतो, काका. नळाला पाणी येतं त्या वेळेला कधी चक्कर मारा. वाडा ठेवायचाच असेल तर निदान तुमच्या वाट्याची सही तरी करून द्या. आमच्या मालकांचे दोन पुतणे असेच फक्त आठवणी काढायला येतात.

नकाशावाला :
सह्या जमल्याच तर आधी तुळया तपासून घ्या. पाडायचं की टेकू लावायचा, ते नंतर भांडता येईल.