जिन्याचा दिवा: वरचं बटण एकाच बाजूला असेल तर खालचं चालतं

माळवद:
दुमजली घर, जिन्यात ९ वॅटचा एक एलईडी, खाली आणि वर एकेक टू-वे बटण (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणारं, तीन स्क्रूंचं). जुनी पियानो बटणं काढून मॉड्युलर बसवली. वायरी होत्या तशाच लावल्या, मधली मधे आणि कडेच्या कडेला. आता वरचं बटण एका बाजूला असेल तरच खालून दिवा लागतो-विझतो. ते दुसऱ्या बाजूला केलं की खालचं कितीही दाबा, दिवा बंदच. दोन्ही बोर्डांत तिन्ही वायरी लाल, त्यामुळे कुठली कशाची ते कळत नाही. दिवा बंद असतानाही रात्री मंद मिणमिणतो, हे मात्र आधीपासूनच आहे. बटणं खराब निघाली असतील का? आणि पुढे गच्चीच्या दारापाशी तिसरं बटण हवंय, ते कसं घ्यावं?

दीडची_वायर:
बटणं ठीक आहेत, बदलू नका. बरोबर जोडणीत दोन बटणांच्या चार स्थितींपैकी दोन स्थितींत दिवा लागतो. तुमच्याकडे एकाच स्थितीत लागतोय, म्हणजे कॉमनची वायर (खाली फेज आणणारी, वर दिव्याकडे जाणारी) ट्रॅव्हलरच्या (दोन बटणांना आपसात जोडणाऱ्या दोन वायरींपैकी एकीच्या) जागी गेली आहे. दोन्ही बटणं एकाच मॉडेलची असतील तर ही चूक दोन्ही बोर्डांत असू शकते.

जुन्या पियानो बटणात कॉमन मधे असतो. मॉड्युलरमध्ये तो कंपनीप्रमाणे मधे किंवा कडेला, म्हणून जागा बघून वायर लावायची नाही. बटण सुटं करून मल्टिमीटर बीपवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो). ज्या दोन स्क्रूंमध्ये बटण कुठल्याही बाजूला केलं तरी बीप येत नाही, ते दोन ट्रॅव्हलरचे. उरला तो कॉमन. त्यावर मार्करने खूण करा.

आता वायरी. एमसीबी (शॉर्ट झाल्यावर आपोआप पडणारा सर्किटचा स्विच) बंद करा, टेस्टरने खात्री करा, दोन्ही बोर्डांतल्या तिन्ही वायरी सोडवून टोकं एकमेकांपासून लांब राहतील अशी वाकवा. होल्डरमधला दिवा काढा. एमसीबी चालू करून खाली बघा: ज्या एकीत फेज येतो ती खालच्या कॉमनची. पुन्हा एमसीबी बंद. खालच्या उरलेल्या दोन वायरी एकत्र पिळा आणि वर बीप घ्या. ज्या दोघींत बीप येईल त्या ट्रॅव्हलर, तिसरी दिव्याकडे जाणारी, म्हणजे वरच्या कॉमनची. पीळ सोडायला विसरू नका. दोन ट्रॅव्हलर आपसात उलटसुलट लागले तर काही बिघडत नाही, फक्त बटणाची वर-खालची दिशा बदलते. ओळखलेल्या वायरींना लगेच टेप लावा, कॉमनला पिवळी आणि ट्रॅव्हलरला निळी असं काहीही चालेल, पण दोन्ही बोर्डांत सारखं.

फेज बघताना निऑन टेस्टरवर विसंबू नका. शेजारच्या वायरीमुळे सुट्या वायरीवरही तो मिणमिणतो आणि दोन वायरींत फेज असल्याचा भास होतो. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प न्यूट्रलशी जोडून बघा. तो खऱ्या फेजवरच पेटतो.

फेजन्यूट्रल:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. पूर्वी वायर वाचवायला काही वायरमन दोन्ही बटणांच्या कडेच्या स्क्रूंना फेज आणि न्यूट्रल देत आणि दोन्ही कॉमन दिव्याच्या दोन टोकांना नेत. अशा जोडणीतही प्रत्येक बोर्डात तीनच वायरी दिसतात. ती असती तर कॉमन चुकल्यावर बटण दाबताच फेज-न्यूट्रल शॉर्ट होऊन एमसीबी पडला असता. तुमचा पडला नाही, म्हणजे ती नसावी. तरी वायरी सोडवल्यावर वरच्या बोर्डात स्वतंत्र फेज येतो का ते बघाच. आला, तर ही जोडणी मोडून नीट ओढून घ्या. तिच्यात दिवा बंद असताना होल्डरच्या दोन्ही टोकांवर फेज असू शकतो, बल्ब बदलणाऱ्याला ते कळतही नाही. थ्री-फेज घरात दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असतील तर दिव्यावर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो.

दिव्याचा न्यूट्रलही फेजच्याच सर्किटचा हवा. खालचा फेज आणि वरच्या मजल्याचा न्यूट्रल घेतला, आणि दोन्हींना वेगळा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असला, की दिवा लावताच तो पडतो आणि लोक उगाच आरसीसीबी बदलत बसतात.

सांधा:
मिणमिणण्याबद्दल. टू-वेमध्ये दोनपैकी एक ट्रॅव्हलर कायम जिवंत, म्हणजे फेजला जोडलेला असतो. तो पाइपात दुसऱ्याला चिकटून ९-१० मीटर जातो, तेवढ्यात दहा-वीस-पन्नास मायक्रोअँपिअर इतका अगदी थोडा करंट पाझरतो. साध्या बल्बला तो जाणवत नाही, एलईडीच्या ड्रायव्हरला (दिव्यातल्या सर्किटला) पुरतो. आधी बटणातून फेजच तुटतोय, न्यूट्रल नाही, याची खात्री करा. ते ठीक असेल तर होल्डरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ (थेट घरच्या विजेवर लावण्यासाठीचा) कॅपॅसिटर १०० ओहमच्या रेझिस्टरसह सिरीजमध्ये टाका. साधा डीसी कॅपॅसिटर मुळीच लावू नका.

तिसऱ्या बटणासाठी इंटरमीडिएट स्विच लागतो, चार स्क्रूंचा. टू-वे मधे घालून हे जमत नाही. तुमच्या घरात आताच्या वरच्या टू-वेच्या जागी इंटरमीडिएट येईल आणि गच्चीपाशी टू-वे. खालून आलेले दोन ट्रॅव्हलर इंटरमीडिएटच्या एका जोडीला, गच्चीकडचे दोन दुसऱ्या जोडीला. दिव्याची जुनी वायर वरच्या बोर्डात कनेक्टरने गच्चीच्या कॉमनकडून आलेल्या वायरीला जोडा. म्हणजे वरच्या बोर्डापासून गच्चीपर्यंत दीडच्या (दीड चौरस मिमी जाडीच्या) तीनच नव्या वायरी, बॉक्स धातूचा असेल तर हिरवी अर्थही. अंतर ६ मीटर असेल तर १८ मीटर, टोकांना धरून २० घ्या. खालच्या पाइपाला हातही लावायला नको.

इंटरमीडिएटच्या जोड्या कंपनीप्रमाणे वेगळ्या जागी असतात. चुकल्या तर त्याच्या एका स्थितीत बाकी दोन बटणं कशीही असली तरी दिवा लागत नाही. चारही स्क्रू आधी मल्टिमीटरवर तपासा.

माळवद:
दोन्ही नव्या बटणांत कॉमन डाव्या कडेला निघाला, मधे नाही. दोन्ही बोर्डांत चूक होती. पीळ देऊन बीप घेतल्यावर पाच मिनिटांत वायरी कळल्या. वर स्वतंत्र फेज नाही. आता चारपैकी दोन स्थितींत दिवा लागतो. मिणमिण अजून आहे, कॅपॅसिटर होल्डरच्या मागे बसेल की सीलिंग रोझमध्ये (छताला वायर जोडायच्या डबीत) घालू?

सांधा:
सीलिंग रोझमध्ये. होल्डर दिव्याने तापतो, तिथे नको. कॅपॅसिटरच्या पायांवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा.