मदत हवी आहे: एसएलपी-७६ या टी-पेशीतल्या संदेश नेणाऱ्या प्रथिनाची फॉस्फो-पट्टी येईना (सोलापूर)

अडकलेली_पीएचडी: जर्काट पेशींना (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या टी-पेशी) ओकेटी३ (टी-पेशीचा रिसेप्टर चेतवणारी अँटीबॉडी) दिलं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटीबॉडीनं पट्ट्या शोधणं) केला. एकूण एसएलपी-७६ ठसठशीत, वाय१४५ फॉस्फोच्या (१४५ व्या टायरोसिनवर फॉस्फेट लागलेल्या रूपाच्या) जागी मात्र काहीच नाही. सोमवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा.

कडक_भाकरी: किती मिनिटं? किती अंशांना? व्हॅनाडेट (फॉस्फेट उतरवणाऱ्या फॉस्फेटेज एन्झाइमांना अडवणारं) होतं का?

अडकलेली_पीएचडी: ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला. ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) दुधात. व्हॅनाडेट आहेच, पिवळसर स्टॉक.

जेलवाले_काका: दूध सोडा, ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधात केसीन प्रथिन, त्यावर फॉस्फेट, अँटीबॉडी तिकडेच जाईल.

कडक_भाकरी: काका, केसीनवरचं फॉस्फेट बहुतेक सेरीनवर असतं, हिला टायरोसिन हवंय. बीएसए घ्याच, पण खरी गोम त्या पिवळ्या रंगात आहे. पिवळं म्हणजे डेकाव्हॅनाडेट, ते फॉस्फेटेजला नीट अडवत नाही. ताई, पीएच १० करा, रंग जाईपर्यंत उकळा, गार झाल्यावर पुन्हा पीएच १०. वापर १ मिलीमोलर, सोबत १० मिलीमोलर सोडियम फ्लोराइड. बफरमध्ये डीटीटी नको, त्यानं व्हॅनाडेट निकामी होतं.
आणि १० मिनिटांनी काय सापडणार? हे फॉस्फेट लावणाऱ्या झॅप-७० एन्झाइमचं काम पहिल्या एक-दोन मिनिटांतच जोरात असतं. ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये ०, १, २, ५ मिनिटं घ्या. वेळ झाली की दुप्पट तीव्रतेचा बर्फगार लायसिस (पेशी फोडणारा) बफर थेट ओता. आधी पेशी खाली बसवत बसाल तर तेवढ्यात फॉस्फेट उतरतं.

थायमसप्रेमी: उंदरात वाय१४५ चं फेनिलअ‍ॅलॅनिन (फॉस्फेट न घेणारं अमिनो आम्ल) केलं की आयटीके, पीएलसी-गॅमा१ या पुढच्या एन्झाइमांकडचा संदेश मंदावतो, थायमसमधली पॉझिटिव्ह सिलेक्शन (उपयोगी टी-पेशी निवडून जगवणं) ढासळते. एसएलपी-७६ च नसेल तर पेशी डीएन३ या वाढीच्या सुरुवातीच्या पायरीपुढे सरकतच नाहीत. जर्काटमध्ये तर पीटेनच (आयटीकेला पडद्यापासून दूर ठेवायला मदत करणारं एन्झाइम) नाही, आयटीके आधीच पेशीच्या पडद्याला चिकटलेलं. उंदरांवर करा.

अडकलेली_पीएचडी: उंदरांचं कोणी विचारलं?

जेलवाले_काका: सोलापूरच्या मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे ४०! ट्रान्सफर टँकमध्ये (जेलमधली प्रथिनं ब्लॉटवर उतरवतात तिथे) बर्फाचा ब्लॉक ठेवा, प्रायमरी अँटीबॉडी रात्रभर ४ अंशांना. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका.

कडक_भाकरी: एका नळीला परव्हॅनाडेट (उत्तेजनाशिवायच टायरोसिनवर फॉस्फेट साठवतं) द्या, ताज्या व्हॅनाडेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून. तिथे पट्टी आली तर अँटीबॉडी ठीक, उत्तेजनच लंगडं. मग सीडी३ (टी-पेशीच्या रिसेप्टरचा भाग) फ्लो सायटोमीटरवर पाहा. जुन्या जर्काटमध्ये रिसेप्टर कमी झालेला असू शकतो.

अडकलेली_पीएचडी: पेरॉक्साइड मेडिकलमधलं चालेल?

कडक_भाकरी: नाही. ३० टक्क्यांचं, लॅबमधलं. हातमोजे घालून.