युजी नाका ‘डायरेक्टर झाला आणि संपला’? मला हे मान्य नाही

रात्रपाळी:
परवा इथेच एकाने लिहिलं, “सॉनिक या व्हिडिओ गेमचा प्रोग्रामर नाका दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला आणि वाया गेला. कोडरने कोडच लिहावा.” त्यावर सहमतींची रांग लागली. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नाका १९८४ मध्ये सेगा या जपानी गेम कंपनीत लागला तेव्हा विशीही ओलांडली नव्हती, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. १९९१ चा सॉनिक गोल वळणावरून सुसाट जातो, उताराला वेग पकडतो, चढाला रेंगाळतो, ते सगळं त्याच्या कोडमधून आलं. तेही सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्राच्या ६४ केबी मुख्य रॅममध्ये. बटण दाबल्यावर हाताला काय जाणवलं पाहिजे हे जो ठरवतो, तो दिग्दर्शनच करत असतो. नाका पहिल्यापासून दिग्दर्शक होता, पाटी नंतर लागली.

कॅसेटवाला:
साफ असहमत. सॉनिकचा चेहरा नाओतो ओशिमाचा, लेव्हल्स हिरोकाझु यासुहाराच्या. नाइट्स या गेमचा (१९९६) दिग्दर्शकही ओशिमा. सॉनिक अ‍ॅडव्हेंचरचा (१९९८) ताकाशी इझुका. नाका तिथे निर्माता होता. २०२१ च्या बालन वंडरवर्ल्ड या गेमचं दिग्दर्शन मात्र त्याच्याच नावावर. ऐंशीच्या वर पोशाख, प्रत्येकाला एकाच बटणावर एकच करामत, आणि काही पोशाखांत साधी उडी मारता येत नाही! उड्या मारायच्या गेममध्ये! मी पूर्ण किंमत मोजून घेतला होता, पोरगं अर्ध्या तासात उठून गेलं.

रात्रपाळी:
प्रकाशनाच्या साधारण सहा महिने आधी आपल्याला काढलं, गेम अर्धवट बाजारात आणला, हे नाकानेच एप्रिल २०२२ मध्ये जाहीर सांगितलं. गेमची प्रकाशक कंपनी स्क्वेअर एनिक्सवर दावाही लावला होता. ज्याला दुरुस्त करू दिलं नाही, त्याच्यावर खापर फोडता?

कॅसेटवाला:
एका बटणाचा हट्ट शेवटच्या सहा महिन्यांत नाही सुचला. पाया त्याचाच होता.

हिंजवडी_फेज३:
नाका राहू द्या. आमच्याकडे एक जण होता. डेटाबेस अडला की मध्यरात्री त्यालाच फोन जायचा. कंपनीने त्याला बढती देऊन मॅनेजर केलं. दोन वर्षं एक्सेल भरत बसला, टीम त्याला घाबरायची, कारण प्रत्येकाचा कोड हा रात्री परत लिहायचा. शेवटी नोकरी सोडून गावी गेला. “कोडरने कोडच लिहावा” म्हणणारा बरोबरच बोलला.

पगारवाढ_बाकी:
यात चूक त्या माणसाची का? आपल्याकडे कोड लिहिणाऱ्याला एका पायरीनंतर पगारच वाढवत नाहीत. घराचा हप्ता असला की मॅनेजर व्हावंच लागतं. अकरा वर्षं कोड लिहितोय, दर अप्रेझलला एकच प्रश्न, “टीम कधी सांभाळणार?”

हिंजवडी_फेज३:
मग टीम सांभाळायला शिका ना! माणसांशी बोलायचं नाही आणि वर पगार हवा.

पगारवाढ_बाकी:
तुम्ही मॅनेजर आहात हे वाक्यावरून कळलं. रात्री दोनला फोन करणारे तुम्हीच.

हिंजवडी_फेज३:
होय, आहे मॅनेजर. फोन केला की स्वतःही जागा राहतो. मला न ओळखता बोलू नका.

मु_पो_मिरज:
दोघेही शांत व्हा. प्रोग्रामर सातोरु इवाताचं उदाहरण घ्या. निन्टेन्डोचा मदर २ हा गेम रखडला होता. इवाताने सांगितलं, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्याने बांधायचं तर सहा महिने. गेम १९९४ मध्ये आला. तोवर हा माणूस हाल लॅबोरेटरी या गेम कंपनीचा अध्यक्ष झालेला होता, २००२ मध्ये निन्टेन्डोचा झाला. कोडर खुर्चीत बसला की वाया जातो, हा नियम तिथेच मोडतो.

कावासाकीची_सून:
मी २००१ च्या सुरुवातीला नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात होते. भाषा येत नव्हती, शेजारणीशी फक्त मान लवून नमस्कार. घरात सेगाचं ड्रीमकास्ट हे गेमयंत्र होतं आणि नाकाच्या टीमचा फँटसी स्टार ऑनलाइन हा इंटरनेटवर खेळायचा गेम. त्यात तयार शब्द निवडून वाक्य करायचं, मी इंग्रजीत निवडायचे, समोरच्याला जपानीत दिसायचं. पाच भाषांची सोय होती. चार अनोळखी माणसं मिळून राक्षस मारायची आणि कोणीतरी “धन्यवाद” पाठवायचं. त्या देशात माझं पहिलं संभाषण तिथे झालं. फोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेममधून हे करून दाखवणाऱ्या माणसाला टीम चालवता येत नव्हती, असं कोणी माझ्यासमोर म्हणू नये.

कॅसेटवाला:
ताई, हे मानलं. फँटसी स्टारचं श्रेय देतो. पण तोच माणूस २०२२ मध्ये इनसायडर ट्रेडिंगमध्ये अटक झाला. जुलै २०२३ मध्ये टोकियोच्या कोर्टाने अडीच वर्षांची शिक्षा चार वर्षं स्थगित ठेवली, वर २० लाख येन दंड आणि सुमारे १७ कोटी येनची वसुली. सहकाऱ्यांच्या न जाहीर झालेल्या गेमवर शेअर घेतले. टीमचा विश्वास म्हणतात तो हाच ना?

रात्रपाळी:
त्याचं समर्थन मी करणार नाही. ते वाचलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. पण तो गुन्हा लोभाचा आहे, कोडरने दिग्दर्शक होण्याचा नाही. बालनचा पाया कच्चा होता एवढं तुमचं मान्य, त्यापुढे नाही.

पगारवाढ_बाकी:
@हिंजवडी_फेज३, जागे राहता हे वाचलं. आमचा मॅनेजर राहत नाही.